धंतोली ते डोंबिवली : ६८३ किलोमीटरचा हिशेब

गुरुवार, आदली रात्र

बोरांची पिशवी बाबांनी तिसऱ्यांदा उघडली. वरची चार नरम पडलेली बोरं काढून टाकली आणि सुतळीनं तोंड पुन्हा बांधलं. त्यांची ती गाठ मी लहानपणापासून बघत आले आहे. दोन वेढे, एक फास, टोक आत खोचलेलं. कितीही हिसडे बसले तरी सुटत नाही, आणि नेमकं टोक धरून ओढलं की एका दमात मोकळी. टपालाच्या थैलीची गाठ आहे ती. बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. १९७१ साली लागले आणि पहिली दोन वर्षं त्यांनी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रपाळीत काढली. त्यांच्या हातून हजारो थैल्या विमानात चढल्या, पण ते स्वतः कधी चढले नव्हते. उद्या पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा चढणार होते.

निमित्त पणतूच्या बोरन्हाणाचं. ताईची लेक डोंबिवलीला असते, तिच्या लेकराची ही पहिली संक्रांत. एरवी आम्ही विदर्भ एक्स्प्रेस पकडतो. संध्याकाळी नागपूरला बसलं की पहाटे कल्याण, तिथून डोंबिवली हाकेच्या अंतरावर. पण बाबांची कंबर आता रात्रभराचं बर्थ मानत नाही आणि मला सोमवारी सकाळी २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला शाळेत हजर राहायचं होतं. म्हणून विमान.

मी भूगोल शिकवते, त्यामुळे बॅग भरून झाल्यावर घरचा पृथ्वीगोल काढला. तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्यावर नागपूर ते मुंबई जेमतेम दीड सेंटिमीटर भरतं, दोराही नीट धरता येत नाही. मग आकडे घेतले. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबईचं १९.०९ आणि ७२.८७ वर. उत्तर-दक्षिण फरक दोन अंशांचा, म्हणजे २२२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ६.१८ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किलोमीटर भरतो, कारण ध्रुवाकडे जाल तसे रेखांश जवळजवळ येतात. ते झाले ६४६. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला, ६८३ किलोमीटर. एवढ्या अंतराला पृथ्वीची वक्रता धरा की सोडा, उत्तरात नगण्य फरक पडतो. आठवीतली पोरंसुद्धा हे गणित करू शकतात आणि त्यांच्याकडून ते करून घ्यावंच, असं मला वाटतं.

मग भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर सोनेगावपासून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळापर्यंत तांबडा दोरा ताणला. दोऱ्याखाली कोणती गावं येतात ते बाबांनी भिंगातून वाचलं. चांदूर रेल्वे, कारंजा, मग मेहकरच्या थोडं वरून, पुढं छत्रपती संभाजीनगर, संगमनेर, माळशेज घाट. आणि अगदी शेवटी, दोरा संपायच्या आधी, डोंबिवली.

"म्हणजे पोरीच्या घरावरूनच जाऊन राहिलो आपण," बाबा म्हणाले.

रेल्वेनं हाच प्रवास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ८३७ किलोमीटरचा आहे, कारण रूळ बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड अशी वरच्या अंगाची वाट घेतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. नकाशावर दोऱ्याच्या सगळ्यात जवळून समृद्धीच जातो. कारंजा, मेहकर, संभाजीनगर ही गावं दोघांनाही लागतात.

शुक्रवार, पहिला दिवस

वही सोबत घेतली होती. १०.०५ ला धंतोलीतल्या घराला कुलूप लावलं. वर्धा रोडवर खाली गाड्या, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. १०.३० ला विमानतळावर. विमान १२.१५ चं.

आत जाताना बाबा थांबले आणि उजवीकडं, धावपट्टीच्या दिशेनं बघत राहिले. आता मध्ये इमारत आहे, काही दिसत नाही. "तिकडं उभे राहायचो आम्ही," एवढंच म्हणाले. बॅगा दिल्या. बोरांची पिशवीही बॅगेत गेली, पण त्याआधी तिथल्या मुलीनं गाठ सोडून बघायचा प्रयत्न केला आणि तिला ती सुटेना. बाबांनी टोक धरून एका झटक्यात सोडून दाखवली. ती खूश झाली, म्हणाली परत बांधून दाखवा काका. मागं रांग होती, तरी बाबांनी सावकाश बांधून दाखवली.

बाराला कळलं की विमान उशिरा आहे. उत्तरेकडं धुकं होतं, त्यामुळे आमच्यासाठी येणारं विमान मागच्याच शहरातून वेळेवर सुटलं नव्हतं. एकच विमान दिवसात चार-पाच फेऱ्या करतं आणि सकाळची ठेच दुपारपर्यंत सगळ्यांना लागते. नागपुरात लख्ख ऊन असूनही आपण खोळंबतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. पण खिडकीपाशी बसून कुणीतरी पहिल्या तासातच हे साध्या शब्दांत सांगितलं असतं, तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांचा जीव एवढा खालीवर झाला नसता.

या खोळंब्यात मात्र बाबांनी जे सांगितलं, त्यासाठी मी तो तास परत एकदा बसायला तयार आहे.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाचं एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपुरात उतरायची. इथं थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानात दिल्ली, कलकत्ता, मद्रासच्या थैल्या भरायच्या, तसंच बाकी तिघांचं. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत, उजाडायच्या आत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळू शकायचं ते या सोनेगावच्या मैदानामुळे. पुढं सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. बाबा तिच्या अगदी शेवटच्या काळात लागले.

"पहिले आवाज यायचा," ते म्हणाले. "मग दिवे. कोण आलं ते दिशेवरून समजायचं. पण मला घड्याळावरूनच समजायचं. मुंबईवाला जवळचा, कलकत्तेवाला सगळ्यात दूरचा. थंडीत मुंबईवाला लवकर पोचायचा अन् कलकत्तेवाल्याची वाट पाहत शेकोटीपाशी बसायचं."

मी वहीच्या मागच्या पानावर चारही अंतरं काढली. मुंबई ६८३, दिल्ली ८५२, मद्रास ९०५, कलकत्ता ९८६. सांताक्रूझ, पालम, मीनांबाक्कम, दमदम आणि आपलं सोनेगाव, ही पाचही विमानतळं तेव्हा जिथं होती तिथंच आजही आहेत, त्यामुळे त्या काळची हवाई अंतरंही हीच. हैदराबाद आणि बेंगळुरूबाबत असं म्हणता येत नाही. तिथली विमानतळं २००८ मध्ये बेगमपेठेहून शमशाबादला आणि एचएएलहून देवनहळ्ळीला गेली. दोन शहरांमधलं अंतर आणि दोन विमानतळांमधलं अंतर या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

सुरुवातीच्या वर्षांत ही टपालाची विमानं डकोटा होती. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या हिशेबानं मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून तीनच्या वर, मद्रासहून सव्वातीन-साडेतीन, कलकत्त्याहून साडेतीनच्याही पुढं. चौघांना मध्यरात्री एकत्र आणायचं तर कलकत्तेवाल्यानं मुंबईवाल्याच्या तासभर तरी आधी निघायला हवं. आणि थंडीत पश्चिमेचा वारा असतो, म्हणजे मुंबईवाल्याला पाठीवर आणि कलकत्तेवाल्याला तोंडावर. बाबांच्या शेकोटीचं कारण तेच. मी त्यांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी पेन घेतलं आणि 'कलकत्ता' या शब्दाखाली रेघ ओढली.

नागपुरातला झिरो माईलचा दगड, देशाचा मध्य म्हणून दाखवतात तो, १९०७ सालचा, ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला. शाळेच्या सहलीत मी दरवर्षी पोरांना तिथं नेते, चार घोडे आणि खांब दाखवते, छिंदवाडा, जबलपूर, हैदराबादची कोरलेली अंतरं वाचायला लावते. पण नागपूर मध्यावर असण्याचा रोज रात्री खराखुरा उपयोग झाला तो या धावपट्टीवर, आणि हे मी आजवर एकाही तुकडीला सांगितलेलं नाही. यंदापासून सांगणार आहे.

एक वाजून दोन मिनिटांनी दार बंद झालं. १.०८ ला विमान मागं सरलं, १.१९ ला चाकं सुटली. बाबांना खिडकी दिली होती. त्यांनी समोरच्या सीटला हात लावला नाही, डोळेही मिटले नाहीत. खालची शेतं लहान होत गेली तेव्हा फक्त म्हणाले, "इतक्या लवकर?"

वैमानिकानं ३४ हजार फुटांची उंची सांगितली. पश्चिमेकडं जाणाऱ्या विमानांना सम हजारांची उंची देतात आणि पूर्वेकडं जाणाऱ्यांना विषम. समोरासमोर येणारी दोन विमानं त्यामुळे एका पातळीवर येत नाहीत. थंडीमुळे खाली धुरकट होतं. कारंजा कुठलं आणि मेहकर कुठलं ते काही ओळखू आलं नाही. पण पाऊण तासानं सह्याद्री आला आणि तो ओळखावा लागत नाही. पठार चालत चालत एकदम संपतं, कडा तुटतो आणि खाली कोकण. विदर्भाच्या माणसाला डोंगर असा कापलेला बघायची सवय नसते. बाबांनी माझा हात धरून दाखवलं, जणू मी बाजूला नव्हतेच.

मग विमान वळलं, उतरू लागलं. उजव्या अंगाला खाडी, इमारतींची दाटी. वेळ २.२५. नकाशावरचा दोरा आठवला. डोंबिवली इथंच कुठंतरी खाली होती. चहा टाकलेला असणार. २.३१ ला चाकं टेकली. हवेतला वेळ ७२ मिनिटं.

पुढचं लवकर सांगते. जागेवर लागायला ११ मिनिटं, बॅगा घेऊन बाहेर यायला अर्धा तास. ३.२० ला टॅक्सी सुटली आणि ५.१५ ला भाचीच्या दारात थांबली. विमानतळापासून डोंबिवली सरळ रेषेत २७ किलोमीटर. तेवढंच अंतर विमानानं सहा मिनिटांत उतरत उतरत कापलं होतं. जमिनीवरून तेच परत जायला एक तास पंचावन्न मिनिटं लागली.

घर ते घर सात तास दहा मिनिटं. हवेत त्याचा सहावा हिस्सा.

शनिवार, दुसरा दिवस

लेकरू काळ्या झबल्यात, गळ्यात हलव्याचा हार, डोक्याला हलव्याचा मुकुट. पाटावर बसवलं आणि सगळ्यांनी मिळून वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, गोळ्या ओतल्या. शेजारची पोरं वेचायला तुटून पडली. लेकरू दचकलं नाही. समोर पडलेलं एक बोर उचलून त्यानं पणजोबांकडं पुढं केलं. बाबांनी ते घेतलं आणि रात्रीपर्यंत खिशात ठेवलं.

आमची बोरं प्रवासात एकही दबली नव्हती, हे त्यांनी चार जणांना सांगितलं.

संध्याकाळी गच्चीत गेलो. पूर्वेकडून विमानांचे दिवे एकामागून एक येत होते, ठरावीक अंतर राखून. जावईबापू सांगत होते की मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी विमानं हवेतच फेऱ्या मारत थांबतात. म्हणूनच वेळापत्रकात नागपूर-मुंबई दीड तासाच्या पुढं दाखवतात. त्यात विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचं सगळं धरलेलं असतं, जमिनीवरचं रांगणंसुद्धा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर दिसतो तो हा वेळ. त्याला उड्डाणाचा वेळ समजून अंतराला त्यानं भागलं की विमान ताशी साडेचारशेनं उडतं असं उत्तर येतं, आणि ते चूक आहे. जेट विमान वर पोचल्यावर आठशेच्या पुढं असतं.

नवी मुंबईच्या विमानतळाचाही विषय निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. नागपूरहून ते सरळ रेषेत सुमारे ६६८ किलोमीटर पडतं, म्हणजे १५ किलोमीटरनं कमी. हवेत याचा एका मिनिटाचा फरक. पण डोंबिवली, कल्याण, पनवेलच्या लोकांना खाली उतरल्यावर जो फरक पडेल तो मोठा. आपल्याकडची कितीतरी मुलं नोकरीला या पट्ट्यात आहेत. तिकीट काढताना भाडं बघतो तसं आपल्या माणसाचं घर कुठल्या विमानतळाकडं आहे हेही बघावं. दोनशे रुपये वाचवून दीड तास टॅक्सीत घालवण्यात शहाणपण नाही, सोबत म्हातारं माणूस असेल तर मुळीच नाही.

बाबा ऐकत नव्हते. ते दिवे मोजत होते. "मध्ये तीन मिनिटंही नाहीत," म्हणाले. "आम्हाला रात्रीतून चार यायचे."

रविवार, तिसरा दिवस

निघताना भाचीनं बोरांच्या रिकाम्या पिशवीत तिळाच्या वड्या आणि डोंबिवलीतली खारी घातली. गाठ बाबांनीच मारली.

दुपारी दीडला निघालो. रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा, ३.१० ला विमानतळावर. विमान ५.४० चं, वेळेवर हललं, ५.४४ ला. मग धावपट्टीच्या रांगेत पंचवीस मिनिटं. पुढं सात-आठ विमानं एकामागं एक, शेपट्या दिसत होत्या. ६.१० ला सुटलो, आधी समुद्रावर, मग डावीकडं वळून परत गावावरून पूर्वेला.

हा वळसा पुस्तकात नसतो. सरळ रेषा ६८३ ची असली तरी विमान तिच्यावर पहिल्या क्षणापासून येत नाही.

सूर्य पाण्यावर हातभर वर होता. नागपुरात मात्र तो त्याच सुमाराला मावळला होता. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, ६.१८ अंशांना जवळपास पंचवीस. घड्याळ दोन्हीकडं एकच, पण सूर्य वेगळा. मी शेपटीकडच्या खिडकीतून मागं पाहिलं तर आकाश केशरी, आणि पुढच्या खिडक्यांमधून काळं. आम्ही रात्रीकडं ताशी आठशेच्या वेगानं चाललो होतो आणि रात्र आमच्याकडं येत होती, त्यामुळे अंधार फार भराभर पडला. संगमनेर असेल तिथं उजेड होता. संभाजीनगरला खाली दिव्यांचं जाळं.

उंची या वेळी ३३ हजार, विषम. आणि वारा पाठीवर. जानेवारीत या उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो विमानाला अडवतो, येताना ढकलतो. जमिनीवर त्याची झुळूकही जाणवत नाही.

७.०९ ला सोनेगावला टेकलो. ५९ मिनिटं. म्हणजे जाताना त्याच अंतराला तेरा मिनिटं जास्त लागली होती. काही वाऱ्यामुळे, काही मुंबईवरच्या गर्दीमुळे. विमान जागेवर लागलं तेव्हा ७.१४ झाले होते, वेळापत्रकात ७.०५ होते. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत गेलेली पंचवीस मिनिटं वाऱ्यानं आणि वेळापत्रकात आधीच धरलेल्या वेळानं बरीचशी भरून काढली.

बाबा जागेवरून उठले नाहीत. सगळे उतरेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर दिवे होते, बॅगांच्या गाड्या होत्या आणि एक पोरगा पिवळ्या जाकिटात उभा होता, विमानाखाली, मान वर करून.

"तो आहे ना," ते म्हणाले, "तो आता दार उघडायची वाट पाहून राहिला."

मला आधी कळलं नाही. मग पाहिलं, पोटाशी दार उघडलं, आतून बॅगा खाली येऊ लागल्या आणि तो पोरगा एकेक ओढून गाडीवर ठेवू लागला. बाबांनी तिसरी येईपर्यंत पाहिलं आणि मग हात पुढं केला, उठवायला.

आठला घरी. दीडला निघालो होतो, साडेसहा तास. त्यातलं एकोणसाठ मिनिटं हवेत.

सोमवार

झेंडावंदन सात वाजता होतं, वेळेत पोचले. जिलेबी घेऊन नऊपर्यंत परत.

नकाशाजवळ गेले तर तांबड्या दोऱ्याच्या सांताक्रूझच्या टोकाला बाबांनी वहीतला कागद कापून चिठ्ठी बांधली होती, पूर्वी थैलीला पत्ता लावायचे तशी. त्यावर त्यांच्या सॉर्टरच्या अक्षरात : मुंबई. ६८३. जाताना ७२, येताना ५९. गाठ तीच, दोन वेढे आणि एक फास.

शेजारी खुर्चीवर भारताचा नकाशा उलगडून ठेवला होता आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याचं एक टोक सोनेगावला टाचणीनं अडकवलेलं. दुसरं टोक बाबांच्या हातात होतं. त्यांनी ते पूर्वेकडं ताणलं, छत्तीसगड, ओडिशा ओलांडून.

"नऊशे शहाऐंशी ना?" म्हणाले. "तुझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या कधी लागून राहिल्या?"